विरघळणाऱ्या धाग्यातले औषध

विघटनशील बहुवारिकांचे तंतू म्हणजे शरीरात काम झाल्यावर विरघळून किंवा तुटून नाहीसे होणारे अतिसूक्ष्म धागे. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रोमीटर जाड असतो. हे धागे त्याच्या शंभराव्या हिश्श्याइतके बारीक काढता येतात. धागा काढतानाच त्यात औषध मिसळलेले असते. असे असंख्य धागे एकमेकांवर पडले की पांढरे, मऊ, टिपकागदासारखे पटल तयार होते. या पटलाचा छोटा तुकडा स्त्रीने स्वतः योनीमार्गात ठेवायचा, तिथल्या ओलाव्याने त्यातले औषध बाहेर यायचे आणि लैंगिक संबंधांतून येणारा संसर्ग उंबरठ्यावरच थोपवायचा, अशी ही कल्पना आहे. गेल्या दीड दशकात अमेरिका आणि युरोपातील प्रयोगशाळांनी तिच्यावर बरेच काम केले आहे.

या कामाची निकड आकड्यांतून कळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १५ ते ४९ वयोगटातील १० लाखांहून अधिक लोकांना जगात दररोज बऱ्या होऊ शकणाऱ्या लैंगिक संसर्गांपैकी एखादा नव्याने होतो. क्लॅमिडिया, परमा, उपदंश आणि ट्रायकोमोनास या चार संसर्गांचे मिळून २०२० या एका वर्षात ३७.४ कोटी नवे रुग्ण झाले. एचआयव्ही, जननेंद्रियाची हर्पिस, एचपीव्ही हे विषाणू यांखेरीज. यांतले पुष्कळसे संसर्ग स्त्रीच्या शरीरात मुकाट्याने राहतात. क्लॅमिडिया किंवा परमा असेल तर त्रास जाणवेपर्यंत गर्भनलिकांना इजा झालेली असू शकते, आणि वंध्यत्वाचे खापर मात्र तिच्याच माथी फुटते.

निरोध हे यावरचे चांगले आणि स्वस्त साधन आहे, पण तो वापरायचा की नाही हे बहुतेक वेळा पुरुष ठरवतो. नवऱ्याला निरोध वापरा म्हणण्याची सोय नसलेल्या लाखो स्त्रिया जगभर आहेत. त्यांच्या स्वतःच्या हातात राहील, कुणाची परवानगी घ्यावी लागणार नाही असे साधन शोधणे हा या संशोधनाचा मूळ हेतू आहे.

औषध जिथे हवे तिथे

गोळी पोटात गेली की औषध रक्तात मिसळते आणि सगळ्या शरीरभर फिरते. योनीमार्गाच्या अस्तरात पुरेसे औषध पोहोचावे म्हणून यकृत आणि मूत्रपिंड यांनाही त्याचा भार सोसावा लागतो. तेच औषध थेट त्या जागी ठेवले तर अस्तरात त्याचे प्रमाण भरपूर राहते आणि रक्तात अगदी थोडे उतरते.

ही जागा मात्र सोपी नाही. निरोगी योनीमार्गाचा सामू साधारण ३.८ ते ४.५ असतो, म्हणजे तिथे चांगलीच आम्लता असते. लॅक्टोबॅसिलस नावाचे जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करून ही आम्लता राखतात आणि परक्या जंतूंना पाय रोवू देत नाहीत. अस्तरावर सतत स्राव पाझरत असतो, त्यामुळे वर लावलेली वस्तू हळूहळू वाहून जाते. मासिक पाळीनुसार स्राव बदलतो. वीर्य अल्कधर्मी असल्याने संबंधानंतर आम्लता काही काळ उतरते. या सगळ्यात टिकेल, अस्तराला इजा करणार नाही आणि तिथल्या उपकारक जिवाणूंना धक्का लावणार नाही असे माध्यम हवे.

जेलचा धडा

धाग्यांच्या आधी जेल आले. २०१० साली व्हिएन्ना येथील एड्स परिषदेत दक्षिण आफ्रिकेतील ‘कॅप्रिसा ००४’ या चाचणीचे निष्कर्ष जाहीर झाले. ८८९ स्त्रियांच्या या चाचणीत टेनोफोव्हिर हे विषाणूविरोधी औषध एक टक्का असलेल्या जेलने एचआयव्हीचा संसर्ग ३९ टक्क्यांनी घटला. जननेंद्रियाच्या हर्पिसचा संसर्गही निम्म्याने कमी झाला. स्त्रीच्या हातातले औषध एचआयव्हीला अडवू शकते हे त्या दिवशी पहिल्यांदा सिद्ध झाले. भारतही या प्रयत्नांत होता. टेनोफोव्हिर जेलच्या सुरक्षिततेची आधीची एक चाचणी अमेरिकेतील दोन केंद्रांबरोबर पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतही झाली होती.

पुढच्या मोठ्या चाचण्यांनी निराशा केली. दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिंबाब्वेमधील ‘व्हॉइस’ चाचणीत ५,०२९ स्त्रिया होत्या. जेल नियमित वापरतो असे बहुतेकींनी सांगितले. रक्ततपासणीत मात्र जेलच्या गटातील सुमारे एक चतुर्थांश नमुन्यांतच औषध सापडले. २०१५ मध्ये जाहीर झालेल्या ‘फॅक्ट्स ००१’ चाचणीतही जेलचा एकूण उपयोग दिसला नाही. ‘कॅप्रिसा’च्या आकड्यांतही हेच दडलेले होते: ज्या स्त्रियांनी ८० टक्क्यांहून अधिक वेळा जेल वापरले त्यांचे संरक्षण ५४ टक्के होते आणि वापर घटत गेला तसे तेही घटत गेले.

या स्त्रियांना दोष देणे सोपे आहे, पण त्यांची बाजू समजून घ्यायला हवी. जेल गळते, कपड्यांना लागते, ओलसर वाटते. ते भरायची प्लास्टिकची नळी एका खोलीच्या घरात कुठे लपवायची? सासू, नवरा, मुले यांच्या नजरेसमोर ती टाकायची कुठे? शिवाय ‘एड्सचे औषध’ घरात सापडले तर संशय येतो तो वेगळाच. औषध गुणकारी होते, पण ज्या रूपात ते दिले गेले ते रूप त्या घरांत मावत नव्हते. धाग्यांवर काम करणाऱ्या संशोधकांनी घेतलेला धडा हाच. कोरडे, हलके, घडी घालून ठेवता येणारे, न गळणारे आणि वापरून झाल्यावर मागे काहीच न उरणारे औषध त्यांना हवे होते.

धाग्याचे द्रव्य

शरीरात विरघळणारा धागा ही कल्पना मराठी घरांना नवी नाही. बाळंतपणात किंवा शस्त्रक्रियेत घातलेले काही टाके काढावे लागत नाहीत, ते आपोआप विरघळतात, हे अनेकांनी अनुभवले आहे. पॉलिग्लायकोलिक आम्लाचा असा कृत्रिम टाका १९७० च्या सुमारास बाजारात आला. त्यानंतर काही वर्षांत ग्लायकोलिक आणि लॅक्टिक आम्लांच्या मिश्र बहुवारिकाचा, ‘व्हिक्रिल’ या नावाने ओळखला जाणारा टाका आला. औषधी तंतूंसाठी याच कुळातली बहुवारिके सर्वाधिक वापरली जातात.

बहुवारिक म्हणजे लहान रेणूंची लांबच लांब माळ. पीएलजीए या बहुवारिकाच्या माळेत लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्लांचे मणी गुंफलेले असतात. मण्यांमधला दुवा पाण्याने तुटतो. शरीरातले पाणी आत झिरपते, दुवे एकेक करून सुटतात आणि शेवटी पुन्हा तीच दोन आम्ले उरतात. शरीर त्यांचे पाणी आणि कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर करून ती संपवते. दोन्ही मण्यांचे प्रमाण बदलले की माळ तुटण्याचा वेग बदलतो: समसमान प्रमाण असलेले पीएलजीए काही आठवड्यांत विरू लागते, नुसत्या लॅक्टिक आम्लाची माळ महिनोन्‌महिने टिकते आणि पॉलिकॅप्रोलॅक्टोन तर दोन वर्षांहूनही अधिक. पॉलिव्हिनाइल अल्कोहोल आणि पॉलिएथिलीन ऑक्साइड यांची तऱ्हा वेगळी आहे. त्यांची माळ तुटत नाही, ती पाण्यात सरळ विरघळते. त्यांचे पटल काही मिनिटांत द्रवरूप होते.

कताई

धागे काढण्याच्या पद्धतीला इलेक्ट्रोस्पिनिंग म्हणतात. मराठीत तिला विद्युत-कताई म्हणता येईल. तिचे मूळ जुने आहे. घासून विद्युतभारित केलेला अंबराचा तुकडा पाण्याच्या थेंबाजवळ नेला तर थेंब शंकूसारखा ओढला जातो, हे विल्यम गिल्बर्ट या इंग्रज अभ्यासकाने १६०० च्या सुमारास नोंदवले होते. १९०२ मध्ये अमेरिकेत या तत्त्वावर पेटंट दिले गेले, १९३४ मध्ये आंतोन फॉर्महाल्स यांनी धागे काढण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले आणि १९६० च्या दशकात जेफ्री टेलर यांनी थेंबाच्या शंकूचे गणित मांडले. त्या शंकूला आज ‘टेलर शंकू’ म्हणतात. अमेरिकेतील अ‍ॅक्रन विद्यापीठात डॅरेल रेनेकर यांनी १९९० च्या दशकात या तंत्रात पुन्हा जीव ओतला.

प्रयोगशाळेतली मांडणी साधी असते. बहुवारिक आणि औषध एकाच द्रावकात विरघळवून पातळ पाकासारखे द्रावण करतात आणि ते सिरिंजमध्ये भरतात. एक पंप सिरिंजचा दट्ट्या अतिशय सावकाश, तासाला काही मिलिलिटर किंवा त्याहूनही कमी वेगाने पुढे ढकलतो. सुईच्या टोकाला १० ते ३० हजार व्होल्टचा दाब जोडलेला असतो, आणि वीतभर अंतरावर धातूची पाटी किंवा फिरता रूळ असतो. वीज सुरू करण्यापूर्वी सुईच्या टोकाशी गोल थेंब लोंबकळत असतो. वीज सुरू होताच तो निमुळता होतो, त्याचे टोक सुटते आणि त्यातून बारीक धार निघते. पहिले थोडे अंतर ती सरळ जाते. मग तिच्यातलेच समान विद्युतभार एकमेकांना दूर लोटू लागतात आणि ती चाबकासारखी गिरक्या घेऊ लागते. या गिरक्यांत ती हजारो पटींनी ताणली जाते, द्रावक उडून जातो आणि पाटीवर पडतो तो कोरडा धागा. थोड्या वेळात पाटीवर पांढरी साय धरल्यासारखी दिसते आणि काही तासांनी सोलून काढता येईल असे पटल तयार होते. जत्रेतल्या ‘म्हातारीच्या केसां’सारखेच ते दिसते, तिथे चाकाची गरगर पाक ओढते, इथे वीज ओढते.

या बारीकपणाचा फायदा साध्या हिशेबाने कळतो. अर्धा मायक्रोमीटर जाडीचा धागा धरला तर एक ग्रॅम द्रव्यातून सुमारे ३,९०० किलोमीटर लांब धागा निघतो, म्हणजे जवळजवळ श्रीनगर ते कन्याकुमारी या रस्त्याइतका. त्याचा पृष्ठभाग भरतो सुमारे सहा चौरस मीटर, एखाद्या छोट्या स्वयंपाकघराच्या फरशीएवढा. इतका पृष्ठभाग ओलाव्याला मिळाल्याने औषध कसे आणि किती वेगाने सुटावे यावर ताबा ठेवता येतो. दुसरा फायदा असा की द्रावणात घातलेले जवळजवळ सगळे औषध धाग्यात उतरते. धागा क्षणार्धात सुकत असल्याने औषधाला स्फटिक धरायला सवड मिळत नाही, आणि एरवी पाण्यात नीट न विरघळणारी औषधेही अशा विस्कळित रूपात सहज विरघळतात.

कधी झटपट, कधी सावकाश

धाग्यातून औषध सोडण्याच्या मुख्य तीन तऱ्हा आहेत. संबंधापूर्वी थोडा वेळ वापरायच्या औषधासाठी पॉलिव्हिनाइल अल्कोहोलसारखे झटपट विरघळणारे धागे लागतात. अनेक दिवस पुरणाऱ्या औषधासाठी पीएलजीए किंवा पॉलिकॅप्रोलॅक्टोनचे धागे उपयोगी पडतात. त्यांतून औषध हळूहळू झिरपते आणि बहुवारिकही सावकाश झिजते. दोन्हींचे थर एकावर एक दिले, किंवा एका धाग्याच्या पोटात दुसरा धागा घातला, तर सुरुवातीला मोठा डोस आणि नंतर संथ पुरवठा साधता येतो. आत एक आणि बाहेर दुसरे द्रावण वाहणारी दुहेरी सुई यासाठी वापरतात. आतल्या गाभ्यात औषध आणि बाहेरून नुसत्या बहुवारिकाचे कवच, अशी रचना तिच्यातून मिळते.

तिसरी तऱ्हा सर्वांत चतुर आहे. बेल्जियममधील गेंट विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ मध्ये सेल्युलोज अ‍ॅसिटेट थॅलेट या द्रव्याचे तंतू काढले. जठरात न विरघळता आतड्यात विरघळणाऱ्या गोळ्यांवर याच द्रव्याचे आवरण असते, कारण ते आम्लात टिकते आणि आम्लता उतरली की विरघळते. योनीमार्गातल्या आम्लतेत हे तंतू जसेच्या तसे राहतात. वीर्याचा स्पर्श होताच आम्लता उतरते, तंतू विरघळतात आणि आतले एचआयव्हीविरोधी औषध मोकळे होते. धोका ज्या क्षणी येतो त्याच क्षणी औषध बाहेर पडावे, अशी ही योजना आहे.

धाग्यात काय भरायचे

सर्वाधिक प्रयोग एचआयव्ही आणि हर्पिसवर झाले आहेत, कारण हे दोन विषाणू एकमेकांचे सोबती आहेत. हर्पिसने अस्तर सोलवटते आणि तिथे एचआयव्हीच्या लक्ष्यपेशी गोळा होतात, त्यामुळे एचआयव्ही होण्याचा धोका सुमारे तिपटीने वाढतो. म्हणूनच एका धाग्यात दोघांवरची औषधे घालण्याचा विचार पुढे आला.

ही औषधे निरनिराळ्या टप्प्यांवर काम करतात. मॅराविरॉक पेशीवरचे सीसीआर५ हे दार अडवते, त्यामुळे एचआयव्हीला आत शिरता येत नाही. टेनोफोव्हिर पेशीत जाऊन विषाणूच्या जनुकांची नक्कल थांबवते. असायक्लोव्हिरला हर्पिसचा विषाणू स्वतःच्याच विकराने जागे करतो, म्हणून निरोगी पेशींना त्याचा फारसा त्रास होत नाही. लाल समुद्रशैवालात सापडलेले ग्रिफिथसिन हे प्रथिन विषाणूच्या पृष्ठभागावरील शर्करांना चिकटून त्याला बाहेरच जखडून ठेवते. एकाच टप्प्यावर विसंबले तर विषाणू कधीतरी पळवाट शोधतो. दोन-तीन ठिकाणी अडवले तर ते अवघड जाते.

सिएटलमधील वॉशिंग्टन विद्यापीठात किम वुड्रो यांच्या गटाने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात धाग्यांचा आणखी एक उपयोग दाखवला. त्यांच्या तंतूंमध्ये विषाणूविरोधी औषधे होतीच, शिवाय तंतूंचे दाट जाळे शुक्राणूंची वाट अडवत होते. नको असलेले गर्भारपण आणि संसर्ग या दोन्हींपासून एकाच वस्तूने संरक्षण मिळावे, हे त्यामागचे उद्दिष्ट होते. या कामासाठी गेट्स फाउंडेशनने सुमारे १० लाख डॉलरचे अनुदान दिले. लुईव्हिल विद्यापीठात जिल स्टाइनबाख-रँकिन्स यांच्या गटाने ग्रिफिथसिन आणि असायक्लोव्हिर असलेल्या तंतूंवर बरेच काम केले आहे. उपकारक लॅक्टोबॅसिलस जिवाणू जिवंत ठेवून धाग्यातून पोहोचवण्याचे प्रयत्नही सुरू आहेत. योनीमार्गातील जिवाणूंचा बिघडलेला तोल सावरणे हेही संसर्ग टाळण्याचेच काम आहे.

अडचणी

पहिली अडचण सुरुवातीच्या उसळीची. पृष्ठभागाजवळचे औषध ओलावा लागताच एकदम सुटते आणि पुढच्या दिवसांसाठी थोडेच उरते. कवचाचे धागे आणि थर हे त्यावरचे उपाय आहेत, पण पाण्यात सहज विरघळणारी औषधे आठवडोन्‌आठवडे धरून ठेवणे अजूनही कठीण जाते. दुसरी अडचण द्रावकांची. पीएलजीएसारखी द्रव्ये क्लोरोफॉर्मसारख्या विषारी द्रावकांत विरघळवावी लागतात, आणि नाजूक अस्तराला लागणाऱ्या पटलात त्यांचा अंशही राहता कामा नये. प्रथिने आणि जिवंत जिवाणू यांना तर असे द्रावक सोसतही नाहीत.

तिसरी अडचण उत्पादनाची. एका सुईतून तासाला जेमतेम अंशभर ग्रॅम धागा निघतो, तर बाजारात आणायचे म्हटले की लाखो तुकडे लागतात. चेक प्रजासत्ताकातील लिबेरेत्स येथे विकसित झालेल्या यंत्रात सुई नसते. द्रावणाच्या उघड्या पृष्ठभागातूनच एका वेळी असंख्य धारा उसळतात. वुड्रो यांच्या गटाने अशा सुईविरहित कताईने टेनोफोव्हिरचे तंतू मोठ्या प्रमाणावर काढता येतात हे दाखवून दिले आहे.

सर्वांत मोठी कसोटी सुरक्षिततेची आहे. या क्षेत्राने तिची किंमत मोजली आहे. शुक्राणूनाशक म्हणून वापरात असलेले नोनॉक्सिनॉल-९ एचआयव्हीलाही मारेल अशी आशा होती. २००० साली डर्बन येथे जाहीर झालेल्या निष्कर्षांत उलटेच दिसले: त्याच्या वारंवार वापराने अस्तराला इजा होत होती आणि संसर्ग वाढत होता. सेल्युलोज सल्फेटच्या जेलची चाचणी २००७ मध्ये अशाच शंकेमुळे अर्ध्यावर थांबवावी लागली. त्या चाचणीची केंद्रे भारतातही होती. म्हणून नव्या पटलाने अस्तराला सूज येत नाही ना, उपकारक जिवाणू टिकतात ना, हे औषधाच्या गुणाइतक्याच काटेकोरपणे तपासावे लागते. आधीच एचआयव्ही असलेली स्त्री नकळत एकाच औषधाचे पटल वापरत राहिली तर त्या औषधाला दाद न देणारा विषाणू तयार होण्याचा धोकाही आहे. त्यामुळे अशा साधनाबरोबर नियमित तपासणी अटळ ठरते.

आजची स्थिती

लैंगिक संसर्ग रोखणारे एकही विद्युत-कताईचे पटल अजून औषधाच्या दुकानात आलेले नाही. बहुतेक काम प्रयोगशाळेतील पेशी, ऊती आणि प्राणी यांच्यापर्यंत पोहोचले आहे. दरम्यान दुसरी साधने पुढे गेली. महिनाभर योनीमार्गात ठेवायची डॅपिव्हिरिनची सिलिकॉन कडी दोन मोठ्या चाचण्यांत एचआयव्हीपासून सुमारे ३० टक्के संरक्षण देऊ शकली आणि २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली. वर्षातून दोनदा घ्यायचे लेनाकापाविरचे इंजेक्शन २०२४ मध्ये जाहीर झालेल्या आफ्रिकेतील चाचणीत ज्या स्त्रियांनी घेतले त्यांपैकी एकीलाही एचआयव्ही झाला नाही. २०२५ मध्ये अमेरिकेने प्रतिबंधासाठी त्याला मंजुरी दिली.

मग धाग्यांची गरज उरते का? उरते. कडी आणि हे इंजेक्शन दोन्ही एचआयव्हीपुरती आहेत. हर्पिस किंवा नको असलेले गर्भारपण ती थांबवत नाहीत. कडी विरघळत नाही, ती काढावी आणि टाकावी लागते. इंजेक्शनसाठी दवाखाना गाठावा लागतो आणि एकदा टोचलेले औषध परत काढता येत नाही. काही स्त्रियांना सहा महिन्यांचे निश्चिंतपण हवे असते, तर काहींना फक्त गरजेपुरते, स्वतःच्या हाताने घ्यायचे आणि मागमूस न ठेवणारे साधन. कुटुंबनियोजनात गोळी, तांबी, निरोध असे अनेक पर्याय राहिले, कारण प्रत्येकीचे घर आणि परिस्थिती वेगळी असते. संसर्गाच्या बाबतीतही तसेच व्हायला हवे.

हा धागा दवाखान्यात पोहोचेपर्यंत आज हाताशी असलेली साधने वापरणे हेच शहाणपणाचे आहे. सरकारी रुग्णालयांतील लैंगिक आजारांच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत मिळतात, आणि राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या १०९७ या क्रमांकावर नाव न सांगताही सल्ला घेता येतो. पांढरा स्राव, जखम, लघवीची जळजळ किंवा ओटीपोटातले दुखणे लाजेखातर अंगावर काढू नये, आणि उपचार नेहमी दोघांनी मिळून घ्यावा.